घटक ४ : समान अक्षरांचे शब्दसमूह – इंग्रजी शब्दखेळ आणि आदान शब्दांचा इतिहास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• रोमन अक्षर, स्वन आणि देवनागरीतील अक्षर यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• इंग्रजीतील विशिष्ट अक्षरजोडी असलेल्या शब्दांचे गट करून त्यांमागील आदानाचा मार्ग ओळखता येईल.
• शब्दाचे लेखन ठाऊक असणे आणि शब्द ठाऊक असणे यांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठीतील आदान शब्दांचा विचार केला. फारसी, अरबी, पोर्तुगीज, कानडी आणि इंग्रजी या भाषांतून मराठीत आलेले शब्द आपल्या उच्चारांशी कसे जुळवून घेतात, हे आपण पाहिले. या घटकात तोच विषय उलट्या दिशेने पाहावयाचा आहे. आपल्याकडील शब्द इंग्रजीत गेले तेव्हा त्यांचे काय झाले? या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी साधन म्हणून आपण एक अनपेक्षित गोष्ट निवडली आहे. ती म्हणजे शब्दखेळ खेळणाऱ्यांनी तयार केलेल्या शब्दांच्या याद्या.

स्क्रॅबलसारखा खेळ गंभीरपणे खेळणारा मनुष्य शब्दांची मांडणी अर्थानुसार करीत नाही. तो ती अक्षरांनुसार करतो. 'क्यू आहे पण यू नाही असे शब्द', 'जेने संपणारे शब्द', 'डी-एचने सुरू होणारे शब्द' अशा त्याच्या याद्या असतात. वरवर पाहता या याद्या म्हणजे निव्वळ पाठांतराचा माल वाटतो. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक प्रत्येक विचित्र गटामागे काही ना काही भाषिक कारण असते, आणि पुष्कळदा ते कारण इंग्रजी मातृभाषा असलेल्या खेळाडूपेक्षा मराठी वाचकाला अधिक लवकर समजू शकते. इंग्रजीच्या भीतीने ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले आणि जे आता पुन्हा पुस्तक हाती घेत आहेत, अशा आपल्यापैकी अनेकांसाठी ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

एक सूचना. या पुस्तिकेत इंग्रजी शब्दांचे लेखन देवनागरीत, अक्षरांची नावे जोडून दिले आहे. 'डी-एच-ओ-बी-आय' असे वाचले की तो शब्द आपण पानाच्या समासात पेन्सिलीने रोमन लिपीत लिहून पाहावा. हा घटक नुसता वाचून पुरेसा समजणार नाही.

४.२ शंभर सोंगट्या

स्क्रॅबल हा खेळ आल्फ्रेड मोशर बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात तयार केला. महामंदीच्या काळात त्याच्या हाताला काम नव्हते. इंग्रजीत कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरविण्यासाठी त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजली. आरंभी त्याने या खेळाला 'लेक्सिको' आणि पुढे 'क्रिस-क्रॉस वर्ड्‌स' अशी नावे दिली होती. खेळण्यांच्या उत्पादकांनी तो नाकारला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने त्यात काही फेरफार करून 'स्क्रॅबल' या नावाने तो बाजारात आणला.

इंग्रजी संचात १०० सोंगट्या असतात. त्यांपैकी २ कोऱ्या असतात व त्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात. उरलेल्या ९८ मध्ये 'ई' हे अक्षर १२ वेळा, 'ए' आणि 'आय' प्रत्येकी ९ वेळा, तर 'के', 'जे', 'एक्स', 'क्यू' आणि 'झेड' ही अक्षरे केवळ एकेकदा येतात. अक्षर जितके दुर्मीळ, तितके त्याचे गुण अधिक. 'ई'ला १ गुण, 'के'ला ५, 'जे' आणि 'एक्स' यांना ८, तर 'क्यू' आणि 'झेड' यांना १० गुण आहेत. खेळाडूच्या हाती एका वेळी ७ सोंगट्या असतात. सातही एकाच डावात वापरल्या, तर ५० गुण जादा मिळतात. अनेकवचन करून सहज गुण मिळवता येऊ नयेत, म्हणून 'एस'च्या सोंगट्या अवघ्या ४ ठेवल्या आहेत.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. अक्षरांची ही किंमत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन वर्तमानपत्रांच्या भाषेवरून ठरली. खेळात ग्राह्य मानल्या जाणाऱ्या शब्दांची यादी मात्र कोशांवरून ठरते आणि कोश वाढतच असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरली जाणारी कॉलिन्सची यादी आज सुमारे २ लाख ८० हजार शब्दांची आहे. जगभरातील भाषांतून आलेले शब्द तिच्यात आहेत. म्हणजे वजने जुनी आणि माल नवा, अशी स्थिती आहे. या घटकातील बरीचशी गंमत याच विसंगतीतून निर्माण होते.

४.३ अक्षर कशाला म्हणावे?

इंग्रजीत समान अक्षरांचे शब्द गोळा करणे इतके सोपे का जाते? 'रिटेन्स' या शब्दाची सात अक्षरे घ्या : आर, ई, टी, ए, आय, एन, एस. त्यांचा क्रम बदलला की 'नास्टिअर' (अधिक ओंगळ), 'रेटिनाज' (डोळ्यांतील दृष्टिपटले), 'स्टेनर' (रंग चढविणारा), 'रेट्सिना' (राळेच्या स्वादाचे ग्रीक मद्य), 'स्टिअरिन' (चरबीतील एक घटक) असे शब्द सिद्ध होतात. अर्थाच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. स्पर्धेत उतरणारे खेळाडू अशा शब्दांना एकाच कप्प्यात ठेवतात. त्यासाठी ते शब्दातील अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडतात. वरील सर्व शब्दांचा कप्पा 'ए-ई-आय-एन-आर-एस-टी' हा एकच ठरतो. हातातील सोंगट्या त्या क्रमाने लावल्या की कप्पा आठवतो आणि कप्प्यातून शब्द बाहेर येतात.

आता हेच मराठीत करून पाहू. 'कमल' आणि 'कलम', 'मगर' आणि 'गरम', 'नवस' आणि 'वसन', 'कपट', 'पटक' आणि 'टपक' – असे काही गट मिळतात. परंतु थोड्याच वेळात आपल्या लक्षात येईल की हे बहुधा काना-मात्रा नसलेले शब्द आहेत. 'पाणी' हा शब्द उलटवला तर 'णीपा' होतो आणि हाती काही लागत नाही. कारण देवनागरीत आपण ज्याला अक्षर म्हणतो ते एकटे व्यंजन नसते, व्यंजन आणि स्वर मिळून झालेला तो एक अवयव असतो. 'पा' हे एक अक्षर आहे, पण त्यात 'प्' आणि 'आ' असे दोन वर्ण आहेत. 'कमल' या शब्दात तीन अक्षरे आणि, लेखनाच्या हिशेबाने, सहा वर्ण आहेत. प्रत्येक व्यंजनातील 'अ' लिपीत दिसत नाही इतकेच. रोमन लिपीत स्वर व्यंजनापासून सुटा राहतो, स्वतःची जागा अडवतो आणि म्हणूनच तो सोंगटीवर छापता येतो.

याचा अर्थ देवनागरी कमी सोयीची आहे असा नव्हे. सोय कशासाठी, हे पाहावे लागते. देवनागरी वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य आणि प्रत्येक वर्गात अल्पप्राणामागून महाप्राण. या लिपीत लिहिणाऱ्याला 'द' आणि 'ध' हे दोन वेगळे वर्ण आहेत हे शिकवावे लागत नाही. पुढील विवेचनात आपणांस उपयोगी पडणारी शिदोरी हीच आहे.

आपली प्रगती तपासा
१. 'मगर–गरम' आणि 'रिटेन्स–नास्टिअर' या दोन जोड्यांतील अक्षरांची फिरवाफिरव एकाच पातळीवरील आहे काय? सकारण लिहा.

४.४ 'यू'शिवाय 'क्यू'

इंग्रजी शाळेत पहिलीपासून शिकवतात की 'क्यू'मागोमाग 'यू' येतो. क्वीन, क्विक, क्वेश्चन. हा नियम इंग्रजीच्या जन्मापासूनचा नाही. प्राचीन इंग्रजीत राणीसाठीचा शब्द 'सी-डब्ल्यू' या अक्षरांनी सुरू होत असे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्या जागी 'क्यू-यू' लिहावयास सुरुवात केली. नियम म्हणून आपण जे पाठ करतो ते अनेकदा एका राजवटीच्या कारकुनांची सवय असते.

खेळाडूच्या दृष्टीने ही सवय संकटाची आहे. हाती 'क्यू' आला आणि 'यू' नाही, तर १० गुणांची ती सोंगटी ओझे होऊन बसते. म्हणून 'यू'शिवायच्या 'क्यू'ची यादी खेळाडू फार लवकर पाठ करतात. त्या यादीतील काही शब्द पाहा. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर. एन-आय-क्यू-ए-बी म्हणजे नकाब. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय म्हणजे कव्वाली. एस-यू-क्यू म्हणजे अरबी बाजार. यात 'यू' आहे खरा, पण तो 'क्यू'च्या आधी येतो. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे डोंगरपायथ्याचे पाणी भुयारी मार्गाने दूरवर नेण्याची इराणी व्यवस्था. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने बांधविलेली नहर याच जातीची आहे. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना हा शब्द पाठ करण्याची गरज पडणार नाही.

हे शब्द एका गटात का आले? अरबीत घशाच्या मागच्या भागातून, पडजिभेपाशी उच्चारला जाणारा एक 'क' आहे आणि नेहमीचा दुसरा 'क' आहे. अरबी लेखनात त्यांची चिन्हे वेगळी आहेत. रोमन लिपीत लिप्यंतर करताना नेहमीच्या 'क'साठी 'के' आणि घशातील 'क'साठी रिकामा पडलेला 'क्यू' योजण्यात आला. म्हणजे येथे 'क्यू' हे खरोखरच एका स्वतंत्र स्वनाचे चिन्ह आहे, 'क्वीन'मधल्यासारखी लेखनाची रीत नव्हे. मराठीने हेच शब्द फारसीच्या मार्गाने घेतले, पण दोन्ही 'क' एकच केले. काझी, फकीर, नकाब, कव्वाली हे सारे आपण साध्या 'क'ने लिहितो व बोलतो. इंग्रजी बोलणाऱ्यानेही उच्चारात तेच केले, फक्त लेखनात भेदाची खूण शिल्लक ठेवली. आपण भेद पूर्णपणे पुसला, त्यांनी तो कागदावर तेवढा जपला. आदान प्रक्रियेच्या अभ्यासात हा फरक महत्त्वाचा आहे.

या यादीतील सर्वांत उपयुक्त शब्द मात्र अरबी नाही. क्यू-आय हा दोन अक्षरांचा शब्द चिनी आहे. प्राणशक्ती किंवा चैतन्य असा त्याचा अर्थ असून चिनीच्या अधिकृत रोमन लेखनात 'क्यू' हे 'च'शी मिळत्याजुळत्या ध्वनीसाठी वापरले जाते. उत्तर अमेरिकेच्या स्क्रॅबल यादीत हा शब्द २००६ मध्ये समाविष्ट झाला. त्याच वेळी 'पिझ्झा'चे संक्षिप्त रूप असलेला झेड-ए हाही आला. या दोन शब्दांनी दोन सर्वांत अवघड सोंगट्या एकदम सोप्या केल्या. पण त्यांची १० गुणांची किंमत कायम राहिली. जुन्या वजनांविषयी आपण वर जे म्हटले, त्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

४.५ 'एच' सोबत घेऊन येणारे शब्द

आता या घटकातील मुख्य भागाकडे वळू. इंग्रजी शब्दयादीत 'डी-एच'ने आणि 'बी-एच'ने सुरू होणारे शब्द मोजके आहेत आणि ते जवळजवळ सर्व भारतीय उपखंडातून गेलेले आहेत. धोबी, धोती, धर्म, धरणे, तसेच भक्त, भक्ती, भांग, भांगडा, भूत, भिश्ती. इंग्लंडातील खेळाडूला हे शब्द म्हणजे अक्षरांच्या चमत्कारिक जुळण्या वाटतात. आपण ते आईच्या मांडीवर शिकलो.

कारण स्पष्ट आहे. इंग्रजीत घोष महाप्राण, म्हणजे घ, झ, ढ, ध, भ, हे स्वन नाहीत. अघोष महाप्राण कानावर पडतात, परंतु ते स्वतंत्र स्वनिम नाहीत. 'पिन' म्हणताना इंग्रज मनुष्य 'प'नंतर श्वासाचा हलका झोत सोडतो, पण त्यामुळे अर्थ बदलत नाही आणि म्हणून त्याला त्याची जाणीवही नसते. मराठीत 'पार' आणि 'फार', 'दार' आणि 'धार' हे वेगळे शब्द आहेत. जो भेद आपल्या भाषेत अर्थ बदलतो, तो लिहिण्यासाठी इंग्रजीकडे सुटे चिन्ह नव्हते. म्हणून व्यंजनापुढे 'एच' जोडण्याची युक्ती योजण्यात आली. या युक्तीत मूर्धन्य 'ढ' आणि दंत्य 'ध' हे दोन्ही 'डी-एच' झाले. डी-एच-ए-के हा शब्द कोशात पाहिल्यास तो 'ढाक', म्हणजे आपला पळस, निघतो. लेखनावरून मात्र तो 'धाक' असेल असे आपणांस वाटण्याचा संभव आहे.

इथपर्यंत सारे सरळ आहे. पण याद्या बारकाईने तपासल्या की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. डी-एच-ए-एल हा शब्द पाहा. ही आपली डाळ, हिंदीतील 'दाल'. तिच्यात महाप्राण कुठे आहे? डी-एच-यू-आर-आर-आय-ई म्हणजे हिंदीतील 'दरी', आपण जिला सतरंजी म्हणतो ती. तिच्यातही महाप्राण नाही. डी-एच-ओ-डब्ल्यू हे अरबी समुद्रात फिरणाऱ्या शिडाच्या जहाजाचे नाव, तेही मूळ अरबीत साध्या 'द'चे. तरीही इंग्रजी लेखनात या तिन्ही शब्दांना 'एच' चिकटला आहे. ज्याला 'द' आणि 'ध' यांतील भेद ऐकू येत नव्हता, त्याने पौर्वात्य शब्दाची खूण म्हणून 'एच' सढळ हाताने वापरला असावा, असे अनुमान करता येते. ध्वनिचिन्ह म्हणून सुरू झालेली गोष्ट अशा रीतीने परकेपणाचे चिन्ह बनते. डाळीचे 'एच' नसलेले लेखनही कोशात आहे आणि स्क्रॅबलमध्ये दोन्ही चालतात. खेळाडूला त्यातून लाभच होतो.

लेखनभेदांचा हा लाभ धोतीच्या बाबतीत पराकोटीला जातो. तिची चार लेखने ग्राह्य आहेत : डी-एच-ओ-टी-आय, डी-एच-यू-टी-आय, डी-एच-ओ-ओ-टी-आय आणि डी-एच-ओ-ओ-टी-आय-ई. धरण्याची दोन आहेत : डी-एच-ए-आर-एन-ए आणि डी-एच-यू-आर-एन-ए. कंपनीच्या काळातील लेखक इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे लिहीत असत. ऱ्हस्व 'अ'साठी ते 'यू' वापरीत, दीर्घ 'ऊ'साठी दोन 'ओ'. पंजाबच्या रोमन लेखनातील 'यू' आणि पुण्याच्या जुन्या 'पूना' या लेखनातील दोन 'ओ' हे त्याच वळणाचे अवशेष होत. पुढे लिप्यंतराचे नियम ठरले आणि 'अ'साठी 'ए', 'उ'साठी 'यू' अशी शिस्त आली. कोशांनी मात्र जुनी रूपे टाकून दिली नाहीत. अशा शब्दांचा मोठा संग्रह हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोशात आहे. एकाच शब्दाची निरनिराळ्या प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी केलेली लेखने तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

'जी-एच'चा गट याहून अधिक मिश्र आहे आणि तो सावकाश पाहण्याजोगा आहे. त्यात घाट, तूप म्हणजे घी आणि घड्याल ही सुसर हे आपले शब्द आहेत. घेराव हा शब्दही आहे, जी-एच-ई-आर-ए-ओ असा. १९६० च्या दशकात बंगालमधील कामगार चळवळीतून तो इंग्रजी वृत्तपत्रांत आणि तेथून कोशांत गेला. आंदोलनाचा मार्ग आणि त्याचे नाव अशी दोन्ही निर्यात एकदम झाल्याचे हे उदाहरण आहे. परंतु याच गटात 'घोस्ट' आहे, जो अस्सल इंग्रजी शब्द असून पूर्वी 'एच'शिवाय लिहिला जाई. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. मुद्रणाचा धंदा त्याने परदेशात राहून आत्मसात केला होता आणि त्याचे बरेच आयुष्य फ्लेमिश बोलणाऱ्या ब्रुजमध्ये गेले होते. तिकडील लेखनाच्या प्रभावाने या शब्दात 'एच' शिरला, असे अभ्यासक मानतात. 'घेटो' इटलीतून, व्हेनिसमधून आला. 'घूल' अरबी आहे. 'घर्किन', म्हणजे लोणच्याची छोटी काकडी, डच भाषेतून आली. आठ शब्दांच्या या गटात किती दिशांनी माणसे येऊन उभी राहिली आहेत! आणि त्यांपैकी 'घ'चा खरा उच्चार अपेक्षित आहे तो फक्त आपल्याकडच्या शब्दांत.

भक्तीविषयी एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. खेळात 'बी-एच-ए-के-टी-आय' या शब्दाला 'एस' जोडून त्याचे अनेकवचन करता येते आणि तसे केल्यास सात अक्षरे पूर्ण होऊन ५० गुणही मिळू शकतात. मराठीत भाववाचक नाम म्हणून भक्तीचे अनेकवचन होत नाही. खेळाला त्याचे सोयरसुतक नाही. आदान शब्द नव्या भाषेत गेला की त्याला तेथील रूपिम स्वीकारावे लागतात, हा आपण शिकलेला नियम येथे किंचित विनोदी रूपात दिसतो.

याउलट जो शब्द पूर्णपणे मिसळून गेला, तो अशा कोणत्याच यादीत सापडत नाही. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगुसापासून गेला आहे. इंग्रजी कोश त्याची व्युत्पत्ती देताना मराठीचे नाव घेतात. त्याचे लेखन एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई असे इतके इंग्रजी वळणाचे झाले आहे की शेवटची पाच अक्षरे वाचून त्यात हंसाच्या जातीचा 'गूस' आहे असा भास होतो. त्या पक्ष्याचा आणि मुंगुसाचा काहीही संबंध नाही. विचित्र अक्षरजोडी परक्या शब्दाची खूण देते हे खरे, परंतु खूण नाही म्हणून शब्द देशी असे म्हणता येत नाही, हे आपण विसरू नये.

आपली प्रगती तपासा
२. 'के-एच' या जोडीने सुरू होणारे खादी, खाकी आणि खान हे शब्द कोशात पाहा. तिन्हींत 'के-एच' एकाच मूळ ध्वनीसाठी आले आहे काय?
(सूचना : 'खाकी'च्या मुळाशी फारसीतील 'खाक' म्हणजे धूळ हा शब्द आहे. फारसीतील तो ध्वनी मराठी 'ख'सारखा स्पर्श नसून घर्षक आहे.)

४.६ शब्दाचा शेवट

आरंभाप्रमाणे शेवटच्या अक्षरावरूनही गट करतात. 'जे'ने संपणारे शब्द इंग्रजीत अगदी थोडे आहेत : राज, ताज, हज, स्वराज. इंग्रजीची स्वतःची रीत अशी की शब्दाच्या शेवटी 'ज'चा ध्वनी आल्यास तो 'जी-ई' किंवा 'डी-जी-ई' असा लिहावा, जसे 'एज', 'ब्रिज', 'जज'. त्यामुळे शेवटचा 'जे' दिसला की शब्द बाहेरचा, हे ओळखता येते. 'आय'ने संपणाऱ्या शब्दांचेही काहीसे असेच आहे. इंग्रजी शब्दान्ती 'वाय' पसंत करते, म्हणून साडी, खादी, रोटी, पुरी असे शब्द त्या यादीत गर्दी करतात.

'व्ही'ची गोष्ट निराळी आहे. ग्राह्य असलेल्या दोन अक्षरी शब्दांची संख्या शंभराहून अधिक आहे, पण त्यांत 'व्ही' असलेला एकही नाही. सतराव्या शतकापर्यंत 'यू' आणि 'व्ही' ही एकाच अक्षराची दोन वळणे मानली जात. शब्दाच्या शेवटी ते चिन्ह आले की तो स्वर आहे की व्यंजन, हे कळण्यास मार्ग नसे. म्हणून व्यंजन असल्यास त्यापुढे मुका 'ई' जोडण्याची प्रथा पडली. गिव्ह, हॅव्ह, लव्ह या शब्दांच्या शेवटी आजही तो उभा आहे. 'व्ही'वर संपणारे तोकडे शब्द न होण्याचे हे मोठे कारण होय. शाळेत हा 'ई' विसरल्याबद्दल ज्यांनी छड्या खाल्ल्या असतील, त्यांना निदान त्यामागचे कारण आता कळले.

४.७ शब्द ठाऊक असणे म्हणजे काय?

या टप्प्यावर एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. अर्थ न जाणता अक्षरांच्या जुळण्या पाठ करणे हे भाषेचे ज्ञान आहे काय?

नायजेल रिचर्ड्‌स या न्यूझीलंडमधील खेळाडूने हा प्रश्न अगदी टोकाला नेला. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद त्याने २००७, २०११, २०१३, २०१८ आणि २०१९ असे पाच वेळा मिळविले आहे. २०१५ मध्ये त्याने फ्रेंच भाषेतील जागतिक स्पर्धा जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. स्पर्धेपूर्वीच्या काही आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दयादी पाठ केली होती. २०२४ मध्ये स्पेनमधील ग्रॅनाडा येथे त्याने स्पॅनिश भाषेतील जागतिक स्पर्धाही अशाच रीतीने जिंकली.

यावरून काही जण म्हणतात की शब्दखेळाचा भाषेशी संबंधच नाही, तो स्मरणाचा आणि गणिताचा खेळ आहे. प्रस्तुत लेखकाला हे मत अर्धेच पटते. शब्दाला लेखन, उच्चार, अर्थ आणि वापर अशी निदान चार अंगे असतात. रिचर्ड्‌सने त्यांपैकी एक अंग आत्मसात केले आणि त्यात तो अजोड ठरला. त्या बळावर त्याला पॅरिसमध्ये भाजी घेता आली नसती. परंतु आपल्यापैकी कित्येकांची स्थिती नेमकी उलट आहे. धोबी, धरणे, काझी, कव्वाली या शब्दांचा उच्चार, अर्थ आणि वापर आपणांस जन्मापासून ठाऊक आहे. अडते ते केवळ रोमन लेखनाशी. जगज्जेत्याजवळ जे नव्हते ते आपल्याजवळ आहे आणि त्याच्याजवळ जे होते ते सरावाने मिळण्यासारखे आहे. इंग्रजी आपणांस येतच नाही असे म्हणण्यापूर्वी चारांपैकी कोणते अंग आपणांस येत नाही, हे तपासून पाहावे.

मात्र एक पथ्य पाळावे. यादीतील शब्द हा वापरातील शब्द असतोच असे नाही. क्यू-आय किंवा झेड-ए हे शब्द पटावर मोलाचे आहेत, पण नोकरीच्या अर्जात किंवा परीक्षेच्या उत्तरात त्यांना जागा नाही. ज्या शब्दाचा अर्थ आणि प्रसंग ठाऊक नाही तो शब्द वहीत वेगळ्या रकान्यात लिहावा व कोश पाहिल्यावरच पुढच्या रकान्यात न्यावा. हे काम संथ आहे. रोज तीन शब्द झाले तरी पुरेत.

सरावासाठी स्वाध्याय

१. घरी इंग्रजी कोश असल्यास 'बी-एच' आणि 'डी-एच' या जोड्यांची पाने उघडा. प्रत्येकी पाच शब्द निवडून त्यांचे मूळ शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दांत 'एच' खऱ्या महाप्राणासाठी आला आहे आणि कोणत्या शब्दांत तो नुसता चिकटला आहे, ते लिहा.

२. आपल्या गावाचे, तालुक्याचे किंवा जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव रोमन लिपीत कसे लिहिले जाते ते पाहा. जुन्या दस्तऐवजात, सातबाऱ्यावर किंवा मैलाच्या दगडावर त्याचे वेगळे लेखन आढळल्यास दोन्ही लेखनांची तुलना करा.

३. अक्षरांचा क्रम बदलून अर्थपूर्ण मराठी शब्द होतील असे पाच गट तयार करा. किमान दोन गटांतील शब्दांत काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार असावा.

४. मराठीतून खेळावयाच्या स्क्रॅबलसाठी सोंगट्या करावयाच्या आहेत, अशी कल्पना करा. सोंगटीवर पूर्ण अक्षर छापावे की व्यंजन आणि स्वरचिन्ह वेगवेगळे छापावे? जोडाक्षरांचे काय करावे? आजच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरील एका बातमीतील अक्षरे स्वतः मोजून, त्या आकड्यांच्या आधारे आपला निर्णय सुमारे २०० शब्दांत मांडा.